पावसात पुढच्या चाकांची ओढच बरी
वागळे इस्टेटमध्ये पहिला पाऊस पडला की ट्रक-टेम्पोंचं सांडलेलं तेल रस्त्यावर पसरतं. अशा रस्त्यावर कुटुंबाच्या सेडानला पुढच्या चाकांची ओढच हवी. कल्याणला बनलेली प्यूजो ३०९ तशी होती. कुर्ल्याच्या पद्मिनीला मागची चाकं ढकलत. वळणावर पुढची चाकं घसरली तर गाडी बाहेर सरकते आणि ॲक्सिलरेटर हळूहळू सोडला की बहुधा ताळ्यावर येते. मागची घसरली तर स्टिअरिंग चटकन घसरणीच्या दिशेने वळवावं लागतं; घाबरलेल्या चालकाला ते साधत नाही. भरल्या गाडीने घाट चढताना मागच्या चाकांची पकड वाढते, हे खरं; पण आपला रोजचा रस्ता घोडबंदरचा आहे. स्टॅबिलिटी कंट्रोलने हा फरक बराच कमी केला, म्हणून ते नसलेली सेडान घेऊच नये. ब्रेक लावल्यावर मात्र भिस्त टायरवर. नक्षी १.६ मिलिमीटरखाली गेली की कायद्याने टायर बाद. पावसाळ्यासाठी तो त्याआधीच बदलावा.