पेशंटजवळचा माणूस काय खातो?

परवा एका मित्राचा फोन आला. त्याच्या आईचं ऑपरेशन आहे, आठवडाभर हॉस्पिटलात मुक्काम. "काय काय न्यायचं ते सांग, तू अनुभवी!" म्हटलं, चादर, चार्जर, फाइल हे सगळे सांगतीलच. माझं एकच ऐक, पिण्याचं पाणी घरून ने. तो हसला. मला काही हसू आलं नाही.

झालं असं की गेल्या वर्षी बाबांचं ऑपरेशन झालं. मेडिकल कॉलेजचं मोठं हॉस्पिटल, डॉक्टर उत्तम, सिस्टर प्रेमळ. "पेशंटजवळ एक माणूस कायम हवा" हा नियम. तो माणूस म्हणजे मी. दिवसा लॅपटॉप मांडीवर, रात्री बेडखाली चटई. भूक लागली की कँटीन, तहान लागली की कॉरिडॉरमधला कूलर. तोच, साखळीला बांधलेला स्टीलचा ग्लासवाला!

चौथ्या रात्री तीन वाजता पोटात जे काही सुरू झालं त्याचं वर्णन करत नाही. सकाळी सिस्टरनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही आता पेशंटजवळ थांबू नका." बरोबरच होतं त्यांचं. बाबांचे टाके ताजे, अंगात ताकद नाही, आणि मी म्हणजे चालताफिरता संसर्ग. मग आई आली. गुडघ्यांनी त्रस्त असलेली माझी आई दोन दिवस चिठ्ठ्या घेऊन औषधाच्या दुकानापर्यंत हेलपाटे घालत होती, आणि मी घरी ओआरएस पीत पडून होतो. इतकं निरुपयोगी मला आयुष्यात कधी वाटलेलं नाही.

बरं झाल्यावर सवयीने डीबगिंग करायला बसलो. संशयित बरेच. कूलरचं पाणी, मिसळीवरचा कच्चा कांदा, गेटबाहेरचा बर्फ घातलेला उसाचा रस. पण नक्की कोण ते ठरवता आलं नाही. नोरोव्हायरस साधारण १२ ते ४८ तासांत त्रास देतो, कॅम्पायलोबॅक्टरला दोन ते पाच दिवस लागतात, आणि कावीळ करणारा हिपॅटायटिस ए तर महिन्याभरानेही उगवतो. म्हणजे आज दिसलेला बग आजच्याच कोडमधला असेल असं नाही. शेवटचं जे खाल्लं त्याला शिव्या घालणं सोपं, पण बहुतेक वेळा चूक.

तेव्हा गुन्हेगार शोधणं सोडलं आणि नियम केले. ते असे :

समोर उकळलेलं किंवा वाफवलेलं, आणि गरमच असलेलं खायचं. इडली, वरण-भात, ताजी पोळी. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जंतू जोमाने वाढतात, त्यामुळे सकाळपासून झाकून ठेवलेला कोमट पुलाव नको. शिजवून तसाच ठेवलेल्या भातातले काही जंतू तर असं विष तयार करतात की भात पुन्हा गरम केला तरी ते जात नाही. केळं उत्तम, आपण स्वतः सोलतो. चिरून ठेवलेली फळं, ओली चटणी, काकडी-कांदा, बर्फ यांना आठ दिवस रामराम. चहा चांगला, उकळलेला असतो. पण ग्लास बादलीत बुचकळून देत असतील तर कागदी कप मागा.

जेवणाआधी हात साबणानेच धुवा. सॅनिटायझर नोरोव्हायरसवर फारसा चालत नाही, आणि वॉर्डातल्या दाराच्या कड्या, बेडचे दांडे दिवसभर कोण कोण हाताळतं ते बघतोच आपण.

आणि आपल्या आयटी पब्लिकसाठी खास : टीडीएस मीटर बुडवून "दीडशे आहे, मस्त पाणी" म्हणू नका. तो पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो, जंतू नाही. टीडीएस कमी असलेल्या पाण्यातही जंतू असू शकतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे रुग्ण एकदम वाढले, तेव्हा संशयाचं बोट पाण्याकडेच गेलं होतं. नितळ दिसणं म्हणजे शुद्ध असणं नव्हे. खात्रीचा उपाय जुनाच, एक मिनिट खळखळून उकळलेलं पाणी.

असो. हे झालं तुमच्या-माझ्यापुरतं. माझा खरा मुद्दा वेगळाच आहे.

बाबांच्या शेजारच्या बेडजवळ मराठवाड्यातले एक काका होते, मुलासाठी आलेले. मला घरून डबा येऊ शकत होता, माझाच आळस नडला. काकांना या शहरात घरच नव्हतं. कूलर आणि गेटबाहेरची गाडी, यापलीकडे त्यांना पर्यायच नाही. त्यांना माझे हे नियम सांगणं म्हणजे चेष्टा आहे. वॉर्डातल्या मावशी मला म्हणाल्या होत्या, "दादा, त्या कूलरचं नका पिऊ." म्हणजे आतल्या माणसांना ठाऊक होतं! फक्त पाटी कुठे नव्हती.

पेशंटचं जेवण आहारतज्ज्ञ ठरवतात. मीठ किती, तेल किती, सगळं लिहिलेलं. आणि जो माणूस त्याच पेशंटला भरवतो, उठवतो, रात्री लघवीला नेतो, त्याच्या पोटाची जबाबदारी कुणाकडेच नाही. हॉस्पिटल त्या माणसाच्या जिवावर चालतं, नियम करून त्याला थांबवून घेतं, आणि वर त्याला "व्हिजिटर" म्हणतं. माझं म्हणणं साधं आहे. थांबायची सक्ती असेल तर त्याचं पाणीही हॉस्पिटलचीच जबाबदारी आहे.

लोक म्हणतील बजेट नाही. मी काय एमआरआय मशीन मागतोय का? प्रत्येक मजल्यावर उकळलेल्या पाण्याची सोय, कँटीनच्या बेसिनवर साबण, आणि कूलरवर टाकी कधी धुतली आणि पाणी कधी तपासलं याच्या तारखा. आमच्या ऑफिसच्या स्वच्छतागृहात दर तासाला सही होते, हॉस्पिटलच्या कूलरवर महिन्यातून एक होऊ नये?

तोवर मित्राला सांगितलं तेच तुम्हालाही. पाणी घरून न्या, ओआरएसची पाकिटं बॅगेत ठेवा (एक पाकीट, एक लिटर पाणी, पाकिटावर लिहिलंय तसंच). आणि नेताना एक बाटली जास्त न्या. शेजारच्या बेडजवळ बहुतेक कुणीतरी काका असतातच.