आमच्या चढाईला पैसे नकोत, आखाजीला रक्त द्या

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील बंधुभगिनींनो,

दुबई आणि शारजात नोकरी करणारे आम्ही खान्देशातले काही जण येत्या जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात टांझानियातला किलीमांजारो चढायला निघालो आहोत. उंची ५८९५ मीटर, आफ्रिका खंडातले सर्वांत उंच शिखर. ही चढाई आम्ही सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांसाठी करत आहोत. गावाकडे ही बातमी पोहोचली तेव्हा अनेकांनी लगेच फोन करून विचारले, वर्गणी किती पाठवू? त्या सर्वांचे मनापासून आभार. पण वर्गणी नको. विमानाचे तिकीट, तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचे शुल्क, वाटाडे, हमाल, गरम कपडे हा सगळा खर्च आमचा आम्ही पगारातून करत आहोत. तुमच्याकडे दोन गोष्टी मागायच्या आहेत, तपासणी आणि रक्त. त्यासाठीच हे जाहीर आवाहन.

सिकलसेल हा विषय आमच्यापर्यंत कसा आला ते सांगायला हवे. सुरुवातीला आमच्या डोक्यात फक्त डोंगर होता. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याकडच्या अनिल वसावे या आदिवासी तरुणाने २०२१ च्या जानेवारीत किलीमांजारो सर केल्याचे वाचले, तेव्हापासून आमच्यात ही चर्चा होती. सातपुड्यातला मुलगा तिथवर जातो, मग आपण का नाही, इतकाच विचार. तयारी सुरू करताना डॉक्टरांनी सर्वांच्या रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या. आमच्यातला शिरपूर तालुक्यातला एक मित्र सिकलसेलचा वाहक निघाला. वयाची तिशी ओलांडली, लग्न झाले, मूल झाले, आखातात येताना वैद्यकीय तपासणी झाली, तरी हे त्याला कधी कोणी सांगितले नव्हते. तो धडधाकट आहे. आमच्यात सर्वांत जोरात जिने तोच चढायचा. वाहकाला, म्हणजे ज्याला हा गुण आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आला त्याला, रोजच्या जगण्यात काही त्रास होत नाही. मात्र फार उंचीवर, जिथे हवेतला प्राणवायू कमी पडतो, तिथे क्वचित अशा माणसाच्या प्लीहेला इजा होऊ शकते. डॉक्टरांशी बोलून त्याने वर न येण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर त्याने घरच्यांची तपासणी करवली, मग भाऊबंदांची. आम्ही किलीमांजारोवर असू त्या आठवड्यात तो सुट्टी काढून शिरपूर तालुक्यात पाड्यापाड्यांवर फिरणार आहे. आमच्या मते या मोहिमेतले मोठे काम त्याचे आहे.

आजार थोडक्यात असा. रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन असते, ते प्राणवायू वाहून नेते. सिकलसेलच्या रुग्णात हे हिमोग्लोबिन जन्मतःच वेगळे असते. प्राणवायू कमी झाला, अंगातले पाणी कमी झाले, थंडी वाजली किंवा ताप आला, की पेशी विळ्यासारखी वाकते, ताठ होते आणि बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकते. पुढे रक्त जात नाही. त्या वेळी हाडांत, पोटात, छातीत जी कळ उठते ती सोसणे मोठ्या माणसालाही कठीण जाते. लहान मूल तर हातपाय सुजून रात्रभर रडते. या पेशी लवकर मरतात, म्हणून रक्त सतत कमी राहते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, पाणी दूर असते, शेतात नाहीतर बांधकामावर काम करावेच लागते. अशा वेळी या रुग्णांचे काय होत असेल, याचा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला आहे?

आम्ही त्या डोंगराच्या माथ्यावर पोहोचू तेव्हा श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असेल. आम्ही तिथे काही तास असू आणि खाली उतरू. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्रीच्या पट्ट्यात अशी मुले आहेत, ज्यांच्या शरीराला प्राणवायूची ही ओढाताण जन्मभर सोसावी लागते. हे कळल्यावर चढाई कोणासाठी करायची हा प्रश्न आम्हाला उरला नाही.

आजार आईवडिलांकडून येतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक असते, वाहक होण्याची चारात दोन, आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक. एकच पालक वाहक असेल आणि दुसरा निरोगी, तर मूल आजारी होत नाही. यात कोणाचा दोष नाही, कोणाचा कोप नाही, आणि हा आजार स्पर्शाने पसरत नाही. आदिवासी समाजात तो अधिक आढळतो, पण इतर समाजांतही आहे. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातल्या आदिवासी भागांत अनेक दशके यावरच काम केले; २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे त्याचे उद्दिष्ट आहे. म्हणजे यंत्रणा आहे, तपासणीचे साहित्य आहे, आशाताई आहेत. माणसे तपासणीपर्यंत यायला हवीत.

ती का येत नाहीत, याचे एक कारण आमच्या शिरपूरच्या मित्रामुळे आम्हाला नीट समजले. दिवाळी झाली की पावरा आणि भिल्ल कुटुंबे कोयता घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात. शिबिर जानेवारीत लावले तर पाड्यावर म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे भेटतात. ज्यांची लग्ने व्हायची आहेत, ज्यांच्या घरी अजून मूल यायचे आहे, ती सगळी फडावर असतात. ती परत येतात होळीला. होळीआधी सातपुड्याच्या गावांमध्ये भोंगऱ्या बाजार भरतो, त्या वेळी सगळा सातपुडा एका जागी जमतो. आमची आरोग्य विभागाला आणि स्थानिक संस्थांना कळकळीची विनंती आहे, की या वर्षी तपासणीचे टेबल भोंगऱ्या बाजारात लावा. बोटातून थेंबभर रक्त, सोल्युबिलिटी चाचणी, काही मिनिटांत पहिला निकाल. शंका आली तर एचपीएलसी या खात्रीच्या चाचणीसाठी नमुना पुढे. समजावून सांगायला पावरी, भिलोरी बोलणारी मुले-मुली सोबत असू द्या. निकाल गोपनीय राहील याची हमी द्या. वाहक निघालेल्या मुलीचे स्थळ मोडले, असे एका जरी गावात झाले, तरी पुढचे दहा पाडे तपासणीला फिरकणार नाहीत.

सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्यांना एक वेगळे काम सांगतो. २६ जानेवारीची ग्रामसभा होणारच आहे. तिच्या विषयपत्रिकेवर सिकलसेल तपासणीचा विषय घ्या, ठराव करा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राकडून भोंगऱ्याच्या दिवसाची तारीख लेखी मागून घ्या. त्या दिवशी आम्ही डोंगरावर असू. तुमचा ठराव झाल्याचे खाली उतरल्यावर कळले, तर केलेल्या खर्चाचे आणि कष्टाचे चीज झाले असे आम्हाला वाटेल.

आता रक्ताविषयी. आपल्या खान्देशात रक्तदान कमी होते असे मुळीच नाही. जयंती, पुण्यतिथी, नेत्याचा वाढदिवस, गणेशोत्सव, प्रत्येक निमित्ताला शिबिर असते, तरुण पोरे रांगा लावतात. पण साठवलेल्या तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवसच टिकतात. एका दिवशी पाचशे पिशव्या जमल्या आणि पुढचे दोन महिने काहीच नाही, तर रक्तपेढीची अडचण तशीच राहते. एप्रिल ते जून हा काळ सर्वांत वाईट. महाविद्यालये बंद, ऊन तापलेले, लोक लग्नसराईत, शिबिरे थांबलेली. आणि सिकलसेलच्या, थॅलेसेमियाच्या रुग्णाला रक्त लागायचे थांबत नाही. या रुग्णांना बदली रक्तदाता न मागता, मोफत रक्त द्यायचे असा नियम आहे. नियम पाळायला रक्तपेढीच्या कपाटात पिशवी असावी लागते.

म्हणून आम्ही आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, निवडली आहे. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, सुरतेला गेलेली माणसे गावी येतात. घर भरलेले असते. त्या आठवड्यात घरटी एक माणूस जवळच्या रक्तपेढीत गेला, तरी मे महिना निभावून जाईल. जळगावात रेडक्रॉसची आणि माधवराव गोळवलकर रक्तपेढी आहे, जळगाव आणि धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. तालुक्याला शिबिर असेल तिथे जा. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा असले की चालते. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा देता येते. उन्हातून आलात तर आधी सावलीत बसा, भरपूर पाणी प्या, जेवून जा. सुरतेत उधना-लिंबायतला राहणाऱ्या खान्देशी बांधवांनो, ज्यांना आखाजीला गावी येता येत नाही त्यांनी तिथेच रक्त द्या. आपली ऊसतोडीला गेलेली माणसे आजारी पडली, की गुजरातेतल्याच दवाखान्यात जातात.

पैशाबद्दल पुन्हा एकदा, कारण यात फसवणूक होऊ शकते. संयुक्त अरब अमिरातीत परवानाधारक संस्थेखेरीज कोणालाही देणगी गोळा करता येत नाही. कायद्याने तो गुन्हा आहे. भारतातही परदेशी नागरिकांकडून पैसा घ्यायचा तर संस्थेकडे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी लागते. आमच्यासारखे भारतीय पारपत्र असलेले लोक स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत गावच्या संस्थेला देणगी देऊ शकतात आणि ती आम्ही आपापली देऊ. पण आम्ही कोणाकडूनही, कुठल्याही खात्यात, एक रुपयाही घेत नाही. आमच्या नावाने कोणी क्यूआर कोड पाठवला तर तो खोटा समजा आणि पोलिसांना कळवा. ज्यांना पैशानेच मदत करायची इच्छा आहे, त्यांनी ओळखीच्या, नोंदणीकृत संस्थेला धनादेशाने किंवा बँकेतून द्यावी आणि पावती घ्यावी.

तयारी कशी चालली आहे, असे अनेक जण प्रेमाने विचारतात. इथे डोंगर जवळ नाही. आम्ही राहतो त्या इमारतींचे जिने रात्री चढतो. पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून वर जायचे, गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालायचे आणि रिकाम्या पिशवीने उतरायचे, म्हणजे गुडघे वाचतात. सुट्टीला रास अल खैमाकडच्या जेबेल जैसच्या वाटा तुडवतो. गावी आलो तेव्हा पाटणादेवीहून वर चढलो, लळिंगचा किल्ला पहाटे दोनदा चढून उतरलो. या सगळ्याने पाय तयार होतात, फुप्फुसे नाही. उंचीची सवय फक्त उंचीवरच होते. म्हणून आम्ही आठ दिवसांचा लेमोशो मार्ग घेतला आहे. तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम फार उंच न्यायचा नाही, डोके दुखून उलटी झाली तर वर जायचे नाही, चालताना तोल जाऊ लागला तर रात्र असली तरी खाली उतरायचे, हे आमच्यात ठरलेले आहे. शिखर राहिले तरी चालेल. हमालांना ठरलेली मजुरी पूर्ण देणारी आणि वीस किलोपेक्षा जास्त ओझे न लादणारी कंपनी आम्ही शोधून घेतली. आपल्याच भागातली माणसे दुसऱ्याच्या फडावर राबत असताना याकडे डोळेझाक करणे आम्हाला जमले नसते.

आमच्यातल्या एकाच्या आईने फोनवर विचारले, “इतला दूर डोंगर चढाले कसाले जास रे भाऊ?” मुलाने तिला सिकलसेलचे सांगितले. त्यावर ती म्हणाली, मग गावातल्या पोरींची तपासणी मी करवते, तू तुझे बघ. चैत्रात सप्तशृंगीच्या गडाकडे पायी जाणाऱ्यांना पाणी, जेवण, सावली देणाऱ्या वाटेवरच्या गावांतली ती बाई आहे. मुक्ताईच्या पालखीसोबत महिनाभर चालत पंढरपूर गाठणारे वारकरी आपल्याच जिल्ह्यातले आहेत. चालणाऱ्याच्या मागे उभे राहणे या भागाला शिकवावे लागत नाही, म्हणून तर हक्काने मागतो आहोत.

ज्यांच्या घरी सिकलसेलचा रुग्ण आहे त्यांच्यासाठी शेवटचे. हायड्रॉक्सियुरिया नावाच्या गोळीने दुखण्याचे झटके कमी होतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मधून मधून रक्त तपासत घ्यावी लागते. सरकारी रुग्णालयात तिची मागणी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार समाविष्ट आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. मुलाला ताप आला तर घरी थांबू नका. शाळेत गुरुजींना आजार सांगून ठेवा, म्हणजे पोराला वर्गात पाणी प्यायला आणि लघवीला जायला कोणी अडवणार नाही, उन्हात कवायतीला उभे करणार नाही.

ग्रामसभेच्या ठरावाची प्रत आणि भोंगऱ्यातल्या तपासणीची तारीख प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फलकावर लावून घ्या. आखाजीच्या आठवड्यातल्या रक्तदानासाठी तरुण मंडळांनी आपल्या रक्तपेढीशी आत्ताच बोलून दिवस वाटून घ्यावेत, सर्वांनी एकच दिवस धरू नये.

आपले,
दुबई व शारजा येथे राहणारे जळगाव-धुळे जिल्ह्यांतील पदयात्री