आवाज चालतो, भीमगीत का चालत नाही?

आषाढीच्या दिंड्या निघाल्या की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गावोगावच्या कर्ण्यांवर प्रल्हाद शिंदे वाजू लागतात. सत्यनारायणाच्या पूजेलाही तेच. हा गायक आंबेडकरी समाजातला, भीमगीतांचा, हे मांडी घालून ऐकणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक आहे?

कव्वालीच्या मुकाबल्यांत रात्र-रात्र गाणारा हा माणूस एचएमव्हीच्या तबकडीवर आला. पण तबकडी घेण्याची ऐपत आपल्या वस्तीत कोणाची होती? 1980च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि चित्र पालटले. त्यांची मुले आनंद आणि मिलिंदही त्याच वाटेने आली. 14 एप्रिल आणि 6 डिसेंबरला आपला समाज पोटाला चिमटा घेऊन कॅसेट विकत घेतो, हे कंपन्यांनी ओळखले. आपल्याला ओळखायला मात्र उशीर लागला.

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाच्या गायकाने देवाची गाणी का गायली, असे काही कार्यकर्ते आजही विचारतात. आम्हाला हा प्रश्न अर्धवट वाटतो. बाजार कोणाच्या हातात होता, तेही विचारा ना! वादकांची बिदागी आणि घरची चूल प्रतिज्ञेवर चालत नाही.

खरा प्रश्न दुसराच आहे. तोच कंठ विठ्ठलाचे गाणे गातो तेव्हा तो सगळ्या गावाचा असतो. पण मे 2015 मध्ये याच जिल्ह्यात, शिर्डीत, मोबाईलवर भीमगीताची रिंगटोन वाजली म्हणून एका दलित तरुणाला ठार मारण्यात आले. लग्नासाठी आलेला, नर्सिंग शिकणारा मुलगा. खर्ड्याला जेमतेम वर्ष झाले होते, जवखेड्याला तर वर्षभरही लोटले नव्हते.

2004 साली मे महिन्यात वामनदादा कर्डक गेले आणि जूनमध्ये प्रल्हाद शिंदे. त्या पिढीचे कितीतरी कवी-गायक एकरकमी मानधनावर सही करून मोकळे झाले. सहीच्या कागदाची प्रत कोणाकडे नाही. 2012 साली कॉपीराईट कायदा दुरुस्त झाला. गीतकार, संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही आणि गायकालाही व्यापारी वापराच्या रॉयल्टीवर हक्क मिळाला. कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क कायम राहतो. म्हणजे वामनदादांच्या पिढीची गाणी अजून कायद्याने मोकळी झालेली नाहीत.

नेवासा, राहाता, श्रीरामपूर, संगमनेरच्या वस्त्यांतही गाणी लिहिणारे होऊन गेले. त्यांच्या वह्या माळ्यावर आहेत, कॅसेटला बुरशी लागते आहे. त्यांच्या लेकरांनी वही, कॅसेटचे वेष्टन, जुना करारनामा, जे हाताला लागेल ते घेऊन आपल्या तालुक्यातल्या आंबेडकरी वकिलाकडे जावे. कागद वाचायची फी आम्ही घेणार नाही.