माहुलच्या रोहित पक्ष्यांचे मोल

हिवाळ्यात माहुल आणि शिवडी यांच्यामधील दलदलीवर रोहित पक्ष्यांचे, म्हणजेच फ्लेमिंगोंचे थवे उतरू लागतात. एका बाजूला तेलशुद्धीकरण कारखान्यांची धुराडी, दुसरीकडे २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू आणि मध्ये ही गुलाबी रेघ. या दृश्याने मुंबईला एक नवे ओळखचिन्ह दिले आहे. ठाणे खाडीतील ऐरोली व वाशी परिसराला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, तेव्हापासून तर हा पक्षी टी-शर्ट, कॉफीचे मग, कापडी पिशव्या आणि दिनदर्शिका यांवर सहज दिसू लागला. पक्षी कुणाच्या मालकीचा नाही. पण त्याचे छायाचित्र मात्र कुणाच्या तरी मालकीचे असते. ओहोटीची वेळ साधून, चिखलात तासन् तास उभे राहून टिपलेले ते छायाचित्र विक्रीच्या वस्तूवर छापायचे, तर त्याचे मोल किती आणि ते कसे ठरवायचे, याचा विचार आपल्याकडे अभावानेच होतो.

बहुतेक व्यवहार तोंडी आणि ठोक रकमेचे असतात. दुकानदार वा वस्तूनिर्माता पाच हजार रुपये हातावर ठेवतो, छायाचित्रकार मूळ फाइल पाठवतो आणि विषय संपतो. किती नग छापणार, किती वर्षे विकणार, फक्त मगवर छापणार की उद्या चादरींवरही, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. खरे तर परवान्याची किंमत याच प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते. चित्र एकच असले तरी दोनशे नगांचा परवाना आणि वीस हजार नगांचा परवाना या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, टी-शर्टची किरकोळ किंमत ६०० रुपये आहे आणि दुकानदाराला तो ३०० रुपयांना मिळतो. घाऊक किमतीवर सहा टक्के मानधन ठरले, तर चित्रकाराला प्रत्येक नगामागे १८ रुपये मिळतील. हजार टी-शर्ट विकले गेले, तर १८ हजार रुपये. त्याऐवजी पाच हजारांची ठोक रक्कम घेतली, तर नगामागे पाचच रुपये पडतात, म्हणजे ग्राहक जे मोजतो त्याच्या एक टक्क्याहूनही कमी. उलट दोनशेच नग खपले, तर टक्केवारीने ३,६०० रुपये मिळतील आणि ठोक रक्कमच फायद्याची ठरेल. या उदाहरणात तराजूचा काटा २७८ नगांच्या आसपास फिरतो. म्हणूनच पाच हजार रुपये आगाऊ घ्यावेत, ते मानधनातून वळते करावेत आणि पुढील प्रत्येक नगावर टक्केवारी मिळावी, ही पद्धत दोन्ही पक्षांना न्याय्य ठरते. विक्री फसली तर चित्रकार उपाशी राहत नाही आणि माल खपला तर त्यातील वाटा त्याला मिळतो. चित्र दुसऱ्या कुणालाही द्यायचे नाही अशी अट असेल, तर त्याची किंमत अर्थातच वेगळी लावली पाहिजे.

दराइतकाच कायदाही महत्त्वाचा आहे. आधीच काढलेले छायाचित्र वापरायला देणे आणि मागणीनुसार नवे काढून देणे, यांत स्वामित्व हक्क कायदा, १९५७ मोठा फरक करतो. या कायद्याच्या कलम १७ नुसार मोबदला देऊन कुणी छायाचित्र किंवा रंगचित्र करून घेतले आणि वेगळा करार केला नाही, तर त्याचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो. म्हणजे दुकानदाराने सांगितले म्हणून छायाचित्रकार माहुलच्या खाडीवर गेला, पैसे घेतले आणि कागद केला नाही, तर पुढे परवाना देण्यासाठी त्याच्या हाती काही उरतच नाही. आपण एक वापर विकला, असे त्याला वाटत असते. प्रत्यक्षात त्याने चित्रच विकलेले असते. कामाची मजुरी आणि वापराचे शुल्क हे दोन आकडे कागदावर स्वतंत्र लिहिणे, हाच यावरचा उपाय.

आधीच काढलेल्या चित्राबाबत मात्र कायदा कलावंताच्या बाजूने झुकतो. हक्क लेखी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. परवान्यांनाही हेच नियम लागू आहेत. दुसरीकडे, कलम १५ मध्ये एक खाच आहे. डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगी रचना न नोंदवता तिचे पन्नासहून अधिक नग यंत्राने काढले, तर त्या रचनेवरील स्वामित्व हक्क संपतो. निव्वळ कलाकृती कुठे संपते आणि औद्योगिक डिझाइन कुठे सुरू होते, हा वाद इतका गुंतागुंतीचा, की सर्वोच्च न्यायालयाला २०२५ मध्ये क्रायोगॅस प्रकरणात त्यासाठी कसोट्या घालून द्याव्या लागल्या. व्यापारी वस्तूंसाठी खास नक्षी बनवणाऱ्यांनी डिझाइनची नोंदणी वेळीच करण्यातच शहाणपण आहे.

ठोक विक्रीची ही सवय महाराष्ट्रात जुनीच. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला शिळाछापखाना पुढे मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो चित्रांच्या पुनर्मुद्रणाच्या हक्कांसह जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यांच्याकडे गेला. त्यांची लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोहोचली, पण त्या प्रसाराचा पैसा छापणाऱ्याच्या तिजोरीत गेला.

आज मोठ्या संस्था मात्र प्रतिमेचे मोल ओळखून आहेत. कुलाब्याच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलने २०१७ मध्ये आपल्या वास्तूच्या प्रतिमेची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करून घेतली. आशा भोसले यांच्या आवाजाच्या आणि प्रतिमेच्या अनधिकृत वापराला मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मनाई केली. प्रश्न आहे तो ज्यांच्याकडे वकील नाही त्यांचा. माहुलच्या कोळीवाड्यातील एखाद्या मासळी विकणाऱ्या बाईचे छायाचित्र मगवर छापले, तर छायाचित्रकाराची परवानगी पुरेशी नाही. व्यक्तीच्या संमतीविना तिच्या प्रतिमेचा व्यापारी वापर करता येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये राजगोपाल खटल्यातच मान्य केले आहे. त्या बाईचाही वाटा हिशेबात धरायला हवा. वारली चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी चादरीवर छापलेल्या तारपा नृत्यातून डहाणूच्या चित्रकाराला काही मिळते का, हा प्रश्न त्याच जातीचा.

‘एवढे पैसे मागाल तर यंत्राकडून चित्र काढून घेऊ’, अशी धमकी आता कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे देता येते. तसे चित्र स्वस्त पडेलही. पण माहुलची ओहोटी, तिथला विशिष्ट प्रकाश आणि धुराड्यांपुढून उडालेला तो एक थवा त्यात नसेल. ग्राहक ‘आपल्या मुंबईचा’ म्हणून टी-शर्ट घेतो, तेव्हा तो याच अस्सलपणाचे पैसे मोजत असतो. एक पानाचा करार आणि त्यावर नग, मुदत, वस्तू, प्रदेश व टक्केवारी या पाच नोंदी, एवढ्याने त्या पैशातील हक्काचा वाटा खाडीकाठी उभ्या राहिलेल्या माणसापर्यंत पोहोचू शकतो. छायाचित्रकारांच्या संघटनांनी असा नमुना-करार मराठीत तयार करून दिला, तर संकोचापोटी गप्प बसणाऱ्या अनेकांना बोलायला शब्द मिळतील.