गिऱ्हाइकाचं नाव काय?

'डान्स बार' हा शब्द वाचला की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? घागरा-चोळी घातलेली, लाल-निळ्या दिव्यांत नाचणारी बाई. बरोबर ना? वर्तमानपत्रात फोटो तिचा. २००१ साली आलेला 'चांदनी बार' हा सिनेमा तिच्यावर. विधानसभेत, कोर्टात, टीव्हीवर चर्चा तिचीच. ती कुठून आली, का नाचते, किती कमावते, तिला नाचू द्यावं की नाही... सगळं बोलून झालं. पण मैत्रिणींनो, त्या खोलीत आणखी एक माणूस असतो. सोफ्यावर रेलून बसलेला. त्याच्या खिशातून नोटा निघतात म्हणून दिवे लागतात आणि गाणं वाजतं. त्याच्याबद्दल कुणी फारसं विचारत नाही. आज मला त्याच्याबद्दल बोलायचं आहे.

तुम्ही म्हणाल, चिकलठाण्यात राहून हिला हे कुठून सुचलं? डान्स बार म्हणजे मुंबई, ठाणे, पनवेल. आमच्याकडे कारखाने, विमानतळ आणि जालना रोडची गर्दी. खरं आहे. पण बार तिकडचा असला तरी गिऱ्हाईक इकडचं असू शकतं! एमआयडीसी आली तेव्हा आमच्या गावात पगार आला. पुढे शेंद्र्याला वसाहत झाली, मग करमाड, बिडकीनकडच्या जमिनी गेल्या आणि मोबदल्याचा पैसा आला. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या एकरकमी पैसा कुणी पाहिला नव्हता, तिथं अचानक बँकेचं पासबुक जड झालं. मग कुणाचं मुंबईला 'कंपनीचं काम' निघू लागलं, तर कुणी चार मित्रांबरोबर गाडी करून नगर-बीडकडच्या कला केंद्रांवर जाऊ लागला. बायकोला सांगायचं, लग्नाला चाललोय.

माझ्या नात्यातले एक दीर आहेत. आता साठीच्या पुढचे, गुडघे दुखतात म्हणून काठी घेऊन फिरतात. कंपनीतून व्हीआरएस घेतली तेव्हा हातात आलेल्या रकमेतला बराच भाग त्यांनी दोन वर्षांत पनवेलच्या वाटेवर संपवला. मागे एकदा निवांत बसलो होतो, तेव्हा मी सरळ विचारलं, "भाऊजी, एवढं काय होतं हो तिथं?" आधी लाजले. मग म्हणाले, "वहिनी, तुम्हाला वाटतं तसलं काही नव्हतं. हात लावायची सोय नव्हती. बाई अंगभर कपड्यात असायची. पण दारात गेलं की पोरगा वाकून म्हणायचा, 'या शेठ!' पंचवीस वर्षं कंपनीत साहेब मला 'ए, इकडं ये' म्हणून हाक मारायचा. तिथं मी शेठ होतो. ती पोरगी वीस माणसांतून माझ्याकडं बघून हसायची. बास. तेवढ्यासाठीच जायचो."

हे ऐकून मी गप्प बसले. परदेशातल्या क्लबांत बाई कपडे उतरवते आणि गिऱ्हाईक त्याचे पैसे मोजतं. आमच्याकडचं गिऱ्हाईक 'शेठ' या एका शब्दाचे पैसे मोजत होतं! दिवसभर खाली मान घालून काम केलेल्या माणसाला कुणीतरी मोठं म्हणावं, असं वाटणं समजू शकतं. पण माझ्या मनात दुसरा हिशेब सुरू झाला. याच दोन वर्षांत आमच्या जाऊबाई पहाटे चारला उठून शिफ्टच्या पोरांचे डबे करत होत्या. त्यांना 'या शेठाणी' म्हणून कुणी हाक मारली होती? त्यांनी ही हौस कुठं भागवायची?

हे गिऱ्हाईक काही २००५ साली जन्माला आलं नाही. ते आपल्या मातीत जुनंच आहे. तमाशाच्या फडावर, संगीत बारीत दौलतजादा चालायचा. फर्माईश करायची, नोट धरायची. आणि नाव पुकारलं जायचं! अमुक गावच्या अमुक पाटलांकडून इतके रुपये. पैसे देणाऱ्याला नावाची लाज नव्हती, उलट त्या पुकाऱ्यासाठीच तर पैसे सुटत. गावात दुसऱ्या दिवशी तोच मिशीला पीळ देत फिरायचा. लाज कुणाची? नाचणारीची.

पण या नावाची गंमत बघा. १९९४ साली डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' आलं. ज्यांनी वाचलं असेल त्यांना ते विसरता येणार नाही. पैसेवाला माणूस नाचणाऱ्या मुलीचा 'चिरा' उतरवतो, तिला ठेवतो, मन भरलं की निघून जातो. मागं मूल राहतं. त्या मुलानं, पुढं डॉक्टर झालेल्या त्या लेखकानं, आपल्या नावात आईचं नाव लावलं. म्हणजे फडावर ज्याचं नाव मोठ्यानं पुकारलं जायचं, तोच माणूस जबाबदारी आली की बिननावाचा होतो. माझ्या मते गिऱ्हाईक या प्राण्याची खरी ओळख हीच आहे. पैसे उधळताना नाव हवं, हिशेब देताना नको.

डान्स बार आले तोवर जमाना बदलला होता. उजेडातला दौलतजादा बंद दाराआड गेला आणि गिऱ्हाइकाला नाव लपवावंसं वाटू लागलं. ही एका अर्थी सुधारणाच म्हणायची. निदान लाज तरी आली! पण सरकारनं काय केलं? तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी २००५ साली डान्स बारबंदी जाहीर केली आणि ऑगस्टमध्ये बार बंद झाले. पनवेल-रायगड भागातल्या कितीतरी घरांत तेव्हा बायकांनी सुस्कारा सोडला असेल. जमिनीचा पैसा डोळ्यांदेखत जात होता, त्यांचा संताप खोटा नव्हता. दुसरीकडे हजारो नाचणाऱ्या मुलींची चूल विझली. महिला संघटनांतही दोन तट पडले. काहींना बंदी हवी होती, काहींना ती अन्याय वाटत होती.

त्या कायद्यात एक मेख होती. थ्री स्टार आणि त्यावरच्या हॉटेलांना मोकळीक होती. म्हणजे कारखान्यातल्या कामगारानं पाहिला तर नाच अश्लील, आणि गाडीतून उतरलेल्या साहेबानं पाहिला तर ती करमणूक! एप्रिल २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली, जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल उचलून धरला. त्यात हा भेदभाव हा एक मोठा मुद्दा होता आणि बायकांचा पोट भरण्याचा हक्क हा दुसरा. २०१४ साली पुन्हा बंदीचा कायदा झाला, २०१५ मध्ये त्याला स्थगिती मिळाली. २०१६ साली नव्या अटींचा कायदा आला, त्यातल्या बऱ्याच अटी सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये काढून टाकल्या. टिप हातात देता येईल, पण अंगावर नोटा उधळता येणार नाहीत, असंही त्या निकालात ठरलं.

मला हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. चौदा वर्षांच्या या खटपटीत कोर्टानं एकदा तरी थेट गिऱ्हाइकाच्या हाताकडे बोट दाखवलं. पैसे दे, पण माणसाला दिल्यासारखे दे. एरवी सगळा वाद 'तिनं नाचावं की नाही' याभोवतीच फिरत राहिला.

आणि बंदीनं गिऱ्हाईक कुठं गेलं? कुठंच नाही. 'ऑर्केस्ट्रा बार' अशी पाटी लागली आणि बऱ्याच ठिकाणी आत तेच चालू राहिलं. डिसेंबर २०२१ मध्ये अंधेरीतल्या एका बारवर धाड पडली, तेव्हा आरशामागच्या चोरखोलीत १७ मुली कोंबलेल्या सापडल्या. सतरा! विचार करा, पोलीस आले की मुलींनी भिंतीत शिरायचं. अशा धाडीत गिऱ्हाइकंही धरली जातात, नाही असं नाही. पण जामीन घेऊन ती आपापल्या घरी येतात आणि 'मीटिंग लांबली' म्हणून सांगतात. भिंतीत लपायची वेळ त्यांच्यावर येत नाही.

आता आणखी नवा जमाना आला आहे. माझा भाचा शेंद्र्याच्या एका कंपनीत अॅप्रेंटिस आहे. चोवीस वर्षांचा, मोकळ्या स्वभावाचा. या लेखाचा विषय काढला तर हसायलाच लागला. "मामी, बारला आता कोण जातं? सगळं फोनवर आलंय. पोरगी लाइव्ह येते, बोलते, गाण्यावर नाचते. आपण गिफ्ट टाकायचं. पैसे भरून कॉइन घ्यायचे आणि तिला गुलाब, मुकुट असलं काहीतरी पाठवायचं." मी विचारलं, "मग?" म्हणाला, "मग ती आपलं नाव घेते ना! 'थँक यू किंगभाई' म्हणते. सगळ्यांना ऐकू जातं."

बघा, फिरून दौलतजादाच आला! फक्त नाव खोटं. पाटलाचा 'किंगभाई' झाला. त्याच्या रूमवरचा एक मुलगा महिन्याचा निम्मा पगार असा घालवतो आणि गावाकडे आईला सांगतो, ओव्हरटाइम मिळत नाही. ती आई तिकडे कापूस वेचत असेल.

पुरुषांशी यावर बोलायला लागलं की तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "पैसा माझा आहे." दुसरं, "ती तिच्या मर्जीनं नाचते." तिसरं, "नुसतं बघितलं तर काय बिघडलं?" यांची उत्तरं आपल्याकडे तयार हवीत.

पैसा तुझा कसा? तुझ्या शिफ्टला डबा कुणी दिला, तुझ्या आईची औषधं कुणी आणली, वर शिवणाच्या पैशांतून मुलांची फी कुणी भरली? संसाराचा पैसा दोघांचा असतो. मोबदल्याच्या जमिनीवर तर सासूबाईंचाही घाम सांडलेला असतो.

ती मर्जीनं नाचते? असेल. तिचा तो हक्क कोर्टानंही मानला आहे आणि मीही मानते. पण तिच्या मर्जीआड तू का लपतोस? तिचं उत्तर ती देईल. तू का बसलास तिथं, याचं उत्तर तुझं तू द्यायचं.

आणि नुसतं बघणं... इथं मात्र मला थांबायला होतं. कारण नजर दारातल्या चपलांसारखी बाहेर काढून घरात येता येत नाही. दुसरी पाळी संपवून एमआयडीसीच्या फाट्यावर रिक्षाची वाट बघणाऱ्या मुलींना विचारा. पैसे देऊन बघायची सवय झालेला माणूस फुकटातही तसंच बघतो. २०२३ साली एका लोकप्रिय नर्तकीचा कपडे बदलतानाचा व्हिडिओ चोरून काढून पसरवला गेला. तिच्या कार्यक्रमाला न जाणाऱ्यांनीही तो एकमेकांना पाठवला. फोनवर आलेली ती चीज पुढं ढकलणारा प्रत्येक जण गिऱ्हाईकच होता, एक पैसाही न मोजलेलं गिऱ्हाईक.

नाच वाईट, असं मी म्हणत नाहीये. लावणी आपली आहे. आता तर खास महिलांसाठी लावणीचे प्रयोग लागतात, आपण मैत्रिणी मिळून जातो, शिट्ट्याही मारतो! घरी येऊन सांगतो, "काय नाचली हो!" त्यात लपवायचं काही नसतं. कलेला दाद देणारा आणि गिऱ्हाईक यांत मला हाच फरक दिसतो. दाद देणारा घरी येऊन नाचाबद्दल बोलतो. गिऱ्हाइकाला घरी येऊन खोटं बोलावं लागतं.

म्हणून आपल्या घरापुरतं तरी एक करूया. नवऱ्याचं असं काही कळलं की आपला पहिला प्रश्न असतो, "कोण आहे ती सटवी?" तो बदलूया. आमच्या जाऊबाईंनी तेव्हा तो विचारला नव्हता. पासबुक हातात घेऊन त्यांनी दिरांना एवढंच विचारलं होतं, "किती गेले, आणि उरलेले कुणाच्या नावावर ठेवायचे?" उरलेली रक्कम त्यांनी स्वतःच्या नावावर करून घेतली. पोरीचं डी. एड. त्याच पैशात झालं. बारमधल्या त्या मुलीला त्यांनी कधी शिवी दिली नाही. "ती तिच्या पोटासाठी उभी होती, हे हौसेसाठी बसले होते," एवढंच म्हणाल्या.

आणि मुलगे वाढवणाऱ्या मैत्रिणींनो, मुलाच्या फोनमध्ये काय आहे हे चोरून बघू नका, पण त्याच्याशी बोला. पहिल्या पगाराचा हिशेब त्याच्याकडून मांडून घ्या, तुमचाही त्याला दाखवा. घरात त्याला नावानं, मानानं हाक मारा, आणि तशीच हाक तो आईला, बहिणीला, बायकोला मारतो का हेही बघा. ज्याला घरी मान द्यायची आणि घ्यायची सवय लागते, त्याला 'शेठ' म्हणवून घ्यायला पनवेलला जावं लागत नाही.