मशीनने काय सांगू नये, हे कोण ठरवणार?

मेटल डिटेक्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? मॉलच्या दारातली ती चौकट. तिच्यातून जाणाऱ्या प्रत्येक माणसामागे बीप वाजतो. खिशात मोबाईल, किल्ल्या, कमरेला पट्ट्याचं बक्कल... वाजणारच की. आणि गार्डकाका सगळ्यांना हातानेच 'चला, चला' करत असतात. मशीन बिचारं इमानदारीत काम करतंय. काकांनी मात्र मनातल्या मनात एक सेटिंग करून ठेवलंय, की बीप वाजला तरी ऐकायचा नाही.

मी आज लिहितोय ती मशिनं वेगळी आहेत. पण काकांचं ते सेटिंग लक्षात ठेवा मंडळी, पुढे लागणार आहे.

गेली तीन वर्षं मी नोकरीच्या निमित्ताने इंग्लंडात इप्सविचला आहे. सफोक काउंटीतलं हे गाव. आजूबाजूला सपाट शेती, आणि पीक निघालं की रविवारी त्या शेतांतून हेडफोन लावलेली माणसं काठीला जोडलेली तबकडी जमिनीवरून डावीकडे-उजवीकडे फिरवत हळूहळू चालताना दिसतात. हे डिटेक्टरवाले. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचे वडील त्यांतलेच. त्यांनी मला हा नाद लावला, आणि आता आमच्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये तीन मशिनं आहेत. (बायको म्हणते, दोन खोल्यांत तीन डिटेक्टर आणि रिमोट काही सापडत नाही.)

पहिलं सत्तरच्या दशकातलं. कार बूट सेलमध्ये, म्हणजे आपल्या जुन्या बाजाराच्या इंग्लिश आवृत्तीत, बारा पौंडांना मिळालं. हे बीएफओ जातीचं. यात दोन ऑसिलेटर असतात, एक कॉइलला जोडलेला आणि दुसरा डब्यात स्थिर. दोघांच्या फ्रिक्वेन्सीत किंचित फरक असतो आणि तो फरकच कानाला सूर म्हणून ऐकू येतो. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा जराशा हलल्या की एक लाट ऐकू येते ना, तेच तत्त्व. कॉइलखाली धातू आला की सूर सरकतो. उन्हात मशीन तापलं तरी सरकतो. ओली माती आली तरी सरकतो. थोडक्यात, सगळ्यालाच सरकतो :)

दुसरं टेसोरोचं. ॲरिझोनातली ही कंपनी २०१८ मध्ये बंद पडली. टेसोरो म्हणजे स्पॅनिशमध्ये खजिना. या मशीनला स्क्रीन नाही. दोन नॉब, एक खटका, नऊ व्होल्टची एक बॅटरी. आवाज येतो किंवा येत नाही. बास.

तिसरं मायनलॅब या ऑस्ट्रेलियन कंपनीचं इक्विनॉक्स ८००, तेही सेकंडहँड. हे मॉडेल २०१८ मध्ये बाजारात आलं. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर काम करतं, आणि प्रत्येक वस्तूला स्क्रीनवर उणे ९ ते ४० यांमधला एक आकडा देतं. लोखंड खाली, चांदीचं जाड नाणं वर.

आता कोणीही विचारेल, यातलं भारी कोणतं? उगाच 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांतला मी नाही. सरळ तुलना केली तर नवं मशीन जिंकतं, आणि दणक्यात जिंकतं. समुद्राकाठच्या खाऱ्या ओल्या वाळूत माझं टेसोरो नुसतं कोकलतं, नवं शांतपणे काम करतं. खिळ्यांच्या गर्दीत पडलेलं नाणं नवं मशीन वेगळं काढून दाखवतं, कारण एका सिग्नलमधून सावरून दुसरा ऐकायला त्याला फार कमी वेळ लागतो. इथे मध्ययुगात चांदीची पेनी कापून अर्धी किंवा पाव करून सुट्टे पैसे म्हणून वापरायचे. तो पाव तुकडा नखाएवढा आणि कागदासारखा पातळ असतो. 'या शेतात आता काही उरलं नाही' असं म्हणून सोडून दिलेल्या शेतांत नवी मशिनं असे तुकडे काढतायत. त्यामुळे एकच मशीन घ्यायचं असेल तर नवं घ्या. वाद संपला.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. या मशिनांच्या जाहिराती बघितल्या तर खोली, वजन, बॅटरी यांच्या जोडीला एक गोष्ट हमखास विकली जाते, ती म्हणजे डिस्क्रिमिनेशन. 'नको त्या वस्तू' मशीन तुम्हाला सांगणारच नाही. ऐकायला किती छान! आपल्याला तरी दिवसभर गंजके खिळे कोणाला खणायचेत? पण मशीनला 'नको ते' कळतं कसं, हे इंजिनिअर म्हणून जरा बघूया.

कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. धातूमध्ये त्यामुळे छोटे भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह तयार होतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र असतं, आणि ते दुसऱ्या कॉइलला जरासं उशिरा कळतं. हा उशीर, म्हणजे फेजमधला फरक, मोजून स्क्रीनवरचा आकडा काढलेला असतो. तो फरक धातू किती चांगला वाहक आहे यावर अवलंबून असतो, तसाच वस्तू किती मोठी आणि किती जाड आहे यावरही. म्हणजे आकडा धातूचं नाव सांगत नाही. दोन-तीन गुणधर्मांची भेळ करून तो एकच गुण देतो, आपल्या अप्रेझलच्या रेटिंगसारखा.

याचा परिणाम बघा. मी टेबलावर एक पातळ सोन्याची अंगठी ठेवली आणि शेजारी शीतपेयाच्या कॅनची ॲल्युमिनियमची कडी. दोघांवरून कॉइल फिरवली. आकड्यांत फरक एकाचा! हा मशीनचा दोष नाही, भौतिकशास्त्रच तसं आहे. लहान सोनं आणि ॲल्युमिनियमचा कचरा एकाच पट्ट्यात बसतात. म्हणजे ज्या क्षणी तुम्ही 'कड्या नकोत' म्हणून तो पट्टा बंद करता, त्या क्षणी अंगठ्याही बंद होतात. आणि मशीन तुम्हाला ते सांगत नाही. तुम्ही वरून निघून जाता, हेडफोनमध्ये शांतता, आणि तुम्हाला वाटतं की इथे काही नव्हतं.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. प्रॉडक्शनच्या लॉगमध्ये फार गोंगाट होतो म्हणून कोणीतरी लेव्हल वाढवून ठेवतो. डॅशबोर्ड हिरवागार. सगळे खूश. मग एके रात्री सिस्टिम आडवी होते आणि लॉगमध्ये बघावं तर काहीच नाही. काही घडलं नव्हतं म्हणून नाही... आपणच म्हटलं होतं की सांगू नकोस, म्हणून.

ही गोष्ट नव्या मशिनांपुरती नाही, या यंत्राच्या जन्मापासूनची आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शरीरात अडकली. एक्स-रेचा शोध अजून चौदा वर्षं दूर होता. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी धातू शोधणारं एक उपकरण तयार केलं आणि अध्यक्षांवर ते चालवून पाहिलं. गोळी काही सापडली नाही. पलंगाच्या गादीतल्या धातूच्या स्प्रिंगांनी घोटाळा केला हे एक कारण. पण दुसरं कारण जास्त बोचणारं आहे. डॉक्टर ब्लिस यांची ठाम खात्री होती की गोळी उजव्या बाजूला आहे, म्हणून त्यांनी उजव्याच बाजूला शोधू दिलं. गोळी निघाली डावीकडे, शवविच्छेदनात. गारफील्ड १९ सप्टेंबरला गेले होते. उपकरण चालत होतं. अर्धं शरीर आधीच 'डिस्क्रिमिनेट' करून टाकलेलं होतं, आणि ते करणारा नॉब डॉक्टरांच्या डोक्यात होता.

आता उलटं उदाहरण. इप्सविचच्या उत्तरेला, आमच्याच काउंटीत, हॉक्सन नावाचं खेडं आहे. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी एरिक लॉज नावाचे निवृत्त गृहस्थ तिथल्या शेतात डिटेक्टर घेऊन गेले, कारण त्यांच्या शेतकरी मित्राची हातोडी हरवली होती. हातोडी! ज्याला हातोडी शोधायचीय त्याला लोखंड बंद करून चालेल का? बाकी सगळे जे ऐकायचं नाही म्हणून ठरवून जातात, नेमकं तेच ऐकायला हा माणूस गेला होता. मिळाला रोमन काळातला खजिना. सोन्या-चांदीची सुमारे पंधरा हजार नाणी, दागिने, चांदीचे चमचे. लोखंड बंद असतं तरी एवढ्या सोन्या-चांदीचा आवाज आला असता, हे मला मान्य आहे. त्यांचं खरं मोठेपण पुढे आहे. थोडं काढल्यावर ते थांबले. उरलेलं तसंच ठेवलं आणि कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाले आले. त्यामुळे कोणती वस्तू कुठे, कशाशेजारी ठेवली होती हे कळलं. कुजून गेलेल्या लाकडी पेटीचा अंदाज बांधता आला. १७ लाख ५० हजार पौंड बक्षीस मिळालं, ते त्यांनी शेतकरी मित्राबरोबर वाटून घेतलं. हातोडीही सापडली, आणि ती आता ब्रिटिश म्युझियमकडे आहे.

आणि ज्यांना वाटतं की महागडं मशीन म्हणजे मोठं घबाड, त्यांच्यासाठी २००९ मधला स्टॅफर्डशायरचा खजिना. अँग्लो-सॅक्सन सोनं, किंमत ठरली ३२ लाख ८५ हजार पौंड. तो सापडला टेरी हर्बर्ट यांना, चौदा वर्षं जुन्या मशीनवर.

मग जुनी मशिनं जमवायची कशाला? शोकेसमध्ये ठेवायला नक्कीच नाही. माझ्या मते एक तरी जुनं मशीन घरात असावं आणि ते चालू असावं, कारण ते निवाडा करत नाही. ते फक्त सांगतं, 'खाली काहीतरी आहे.' ते काय आहे हे खणून तुम्हाला शिकावं लागतं. लोखंडाचा आवाज कडेला कसा फाटतो, गोल वस्तूचा कसा भरीव येतो, कडीचा कसा अडखळतो... हे सगळं कानात बसायला मला दोन पावसाळे (इथे बाराही महिने पावसाळाच म्हणा) गेले. आता नव्या मशीनने १३ दाखवलं की तो मला निकाल वाटत नाही. एका हुशार मित्राचं मत वाटतं. मित्राचं मत ऐकावं, पण सही आपण करावी.

इथपर्यंत वाचून काहींच्या डोक्यात किडा वळवळायला लागला असेल, ऑनलाइन मशीन मागवू आणि रविवारी ट्रेकला जाताना गडावर नेऊ... शिवराई तर मिळेल! माझ्या मित्रांनी हे मला व्हॉट्सॲपवर विचारलंय, म्हणून स्पष्ट लिहितो. नका नेऊ. इंग्लंडमध्येही संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय डिटेक्टर चालवणं गुन्हा आहे. बाकी शेतातही मालकाची परवानगी लागते, खजिन्यात मोडणारी वस्तू सापडली तर चौदा दिवसांत कळवावं लागतं, आणि साध्या वस्तूंचीही नोंद करायला १९९७ पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम नावाची यंत्रणा आहे. म्हणजे इथल्या छंदामागे एक आख्खी व्यवस्था उभी आहे. आपल्याकडे जमिनीत मिळालेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन कलेक्टरला कळवण्याचं बंधन १८७८ च्या कायद्याने घातलं. न कळवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूदही केली. संरक्षित गडांवर उकरायचा तर प्रश्नच येत नाही.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी, गडावरच्या मातीत शिवराई कोणत्या थरात, कशाशेजारी पडली आहे हीच तर माहिती. ती उचलून खिशात घातली की हातात तांब्याचा तुकडा उरतो आणि माहिती कायमची जाते. जगातलं कुठलंच मशीन ती परत आणून देणार नाही. डोक्यात 'फक्त नाणं' हे सेटिंग ठेवून खणणारा माणूस बाकी सगळा इतिहास कचरा म्हणून फेकत असतो.

या तीन मशिनांनी मला शिकवलं ते एवढंच. काय शोधायचं हे सगळेच ठरवतात. काय ऐकायचं नाही हे मात्र बहुतेक वेळा कोणीतरी दुसरा आपल्यासाठी ठरवून ठेवतो... कंपनीने दिलेलं डीफॉल्ट सेटिंग, सीनियरने बदललेली लॉग लेव्हल, फीड निवडणारा अल्गोरिदम. ते सगळं बंद करा असं मी म्हणणार नाही, कामं आहेत राव सगळ्यांना. पण अधूनमधून, तासभर का होईना, फिल्टर शून्यावर आणून तोच पट्टा पुन्हा चालून बघावा. खिळेच निघतील. दहातल्या नऊ वेळा खिळेच निघतात. पण मग तिथे खिळे होते हे आपलं आपल्याला माहीत असतं.