यायला सांगणं, येऊ देणं आणि इंग्रजीतला छळवादी 'टू'

इंग्रजी कच्चं असणं म्हणजे नक्की काय कच्चं असणं, हे आपल्याकडे कुणी धड सांगतच नाही. स्पेलिंग म्हणाल तर चुकल्यावर लाल रेघ येते. उच्चारांचं म्हणाल तर टेक्साससाइडचा क्लायंट तावातावाने बोलायला लागला की कॉलवरच्या निम्म्या लोकांना काही कळत नाही, तरी त्याला कुणी कच्चा म्हणत नाही. काळ तर शाळेत इतके घोटून घेतलेले असतात की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगू. मग गाडी अडते कुठे?

माझ्या मते एका अगदी छोट्या जागी. 'कुणीतरी कुणालातरी काहीतरी करायला सांगतो, लावतो, सुचवतो किंवा करू देतो' या वाक्यात. आणि ऑफिसात दिवसभर आपण दुसरं करतो तरी काय? त्याला लॉग्ज पाठवायला सांगितले, तिने बिल्ड थांबवायला लावला, मॅनेजरने लवकर जाऊ दिलं नाही... सगळी कहाणी याच साच्यातली.

आता मराठी बघा. सांगणे, सुचवणे, लावणे, तिन्हींचा साचा एकच. यायला सांगितलं, यायला सुचवलं, यायला लावलं. मराठी माणूस हाच साचा इमानदारीत इंग्रजीत नेतो. 'आय टोल्ड हिम टू कम' बरोबर येतं. त्याच हिशेबाने 'आय सजेस्टेड हिम टू कम' म्हटलं की चूक. 'आय मेड हिम टू कम' म्हटलं की तीही चूक. 'सजेस्ट'ला माणूस आणि 'टू' असं चालत नाही, 'आय सजेस्टेड दॅट ही कम' म्हणा. 'अॅडव्हाइज'ला मात्र चालतं! 'मेक'ला माणूस चालतो पण 'टू' चालत नाही. आणि तोच 'मेक' कर्मणीत गेला की 'टू' हजर, 'ही वॉज मेड टू वेट'. आहे की नाही गंमत?

यात फार तर्क शोधायला जाऊ नका. १६११ सालच्या किंग जेम्स बायबलमधलं तेविसावं स्तोत्र काढून बघा, तिथे 'मेक'नंतर चक्क 'टू' आहे. म्हणजे ज्या चुकीवर आज कॉन्फरन्स रूममध्ये लोक एकमेकांना कोपराने ढोसून हसतात, ती एके काळी इंग्रजांच्या धर्मग्रंथात सुखाने नांदत होती. भाषा सरकली, एवढंच. पण आज इंटरव्ह्यूला बसलेला माणूस १६११ चा दाखला ऐकून घेणार नाही, हेही तितकंच खरं :)

असो. मला खरी काळजी 'टू'ची नाही, सुराची आहे. 'सांगणे' हे आपलं फार मोठ्या पोटाचं क्रियापद आहे. आईला चहा टाकायला सांगतो, शिपायाला फाइल आणायला सांगतो आणि क्लायंटला लॉग्ज पाठवायलाही सांगतो. हुकूम की विनंती, ते आवाजावरून आणि 'जरा'वरून कळतं. इंग्रजीत मात्र 'टेल' आणि 'आस्क' अशा दोन वेगळ्या खोल्या आहेत. आपल्या डोक्यात 'आस्क' म्हणजे विचारणे, असं पक्कं बसलेलं असल्यामुळे आपण 'आय टोल्ड यू टू सेंड द लॉग्ज' असं लिहून मोकळे होतो. लिहिणारा गरीब गाय असतो, वाचणाऱ्याला मात्र वाटतं हा माझा साहेब झाला की काय!

'वॉन्ट'चंही तेच. 'तुम्ही यावं असं मला वाटतं' हे आपलं वाक्य किती अदबशीर आहे. 'तुम्ही यावं' हे वेगळं वाक्य, त्यात समोरचा माणूस स्वतः कर्ता. इंग्रजीत 'आय वॉन्ट यू टू कम' म्हटलं की तोच माणूस कर्त्याच्या खुर्चीतून उठून कर्माच्या स्टुलावर बसतो. उलट बाजूने बघा. आपण नुसतं 'मी येऊ का?' विचारतो. इंग्रज विचारतो, 'डू यू वॉन्ट मी टू कम?' ज्याला हा साचा माहीत नाही तो 'आय विल कम?' असं काहीतरी म्हणतो आणि समोरच्याला कळत नाही की हा विचारतोय की कळवतोय.

आमच्या टीममधला एक मुलगा, मराठी माध्यमातून आलेला, प्रॉडक्शनचा कसलाही बग रात्रीत शोधून काढणारा. मेलच्या सुरावरून दोनदा बोलणी खाल्ल्यावर त्याने कॉलवर बोलणंच सोडलं. त्याने शोधलेलं दुसराच कुणीतरी फाडफाड सांगतो आणि अप्रेझलमध्ये 'कम्युनिकेशन' या रकान्यात ह्याचे गुण कापले जातात. एका क्रियापदाची ही किंमत मला तरी फार वाटते.

मग उपाय काय? लोक म्हणतात, इंग्रजी लवकर सुरू करा. केलं की! २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी ते पाचवीपासून असायचं. माझ्या वयाची पोरं त्यानंतरच शाळेत गेली आणि तरीही ही गोची शिल्लक आहे. दुसरा लाडका सल्ला म्हणजे 'मराठीत विचार करू नका, इंग्रजीतच विचार करा'. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही स्पोकन इंग्लिशच्या क्लासला जा, हाच मंत्र मिळेल. मला हा सल्ला साफ चुकीचा वाटतो. मराठी डोक्यातून जात नाही, फक्त नजरेआड होते, आणि मग तिथून गुपचूप साचे पुरवत राहते.

त्यापेक्षा मराठीला समोर बसवा. आपल्या आजोबांची पिढी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकली. पद्धत जुनाट म्हणा हवं तर, पण दोन भाषा शेजारी शेजारी ठेवल्या की फरक डोळ्यांना दिसतो. उदाहरणार्थ, 'त्याला खाऊ दे' आणि 'त्याला खायला दे' यातला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. पहिल्यात परवानगी, दुसऱ्यात ताट. म्हणजे एकाच 'देणे'पुढे रूप बदललं की अर्थ बदलतो, हे आपण जन्मतः जाणतो. घाटकोपरला गर्दीत 'उतरू द्या' म्हणून ओरडणाऱ्याला सांगा की हा 'उतरू' म्हणजेच 'लेट'नंतरचं बिनटूचं क्रियापद. तो 'लेट हिम टू गो' परत म्हणणार नाही. 'लावणे' म्हणजे 'मेक', टू नाही. 'त्याच्याकडून करून घेणे' म्हणजे 'गेट', तिथे टू आहे, 'आय गॉट हिम टू डू इट'.

आपल्या धंद्यातल्या लोकांना तर हे अजून सोपं जावं. प्रत्येक क्रियापद हे फंक्शन समजा आणि त्याची सिग्नेचर पाठ करा, नुसतं नाव नको. 'अलाऊ'ला माणूस हा सक्तीचा पॅरामीटर आहे. तरी आपल्या डॉक्युमेंटेशनमध्ये 'धिस फीचर अलाऊज टू एक्सपोर्ट डेटा' असं सर्रास सापडतं, कारण मराठीत 'एक्सपोर्ट करता येतो' म्हटलं की माणूस लागतच नाही. 'अलाऊज यूजर्स टू एक्सपोर्ट' हवं. कोडमध्ये पॅरामीटर विसरलो तर कंपायलर लगेच बोंबलतो, इंग्रजीत बोंबलणारं कुणी नसतं, लोक फक्त मनात नोंद करतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. 'सजेस्टेड हिम टू' म्हणणारा माणूस अडाणी नसतो, तो मराठीचा नियम अगदी बिनचूक पाळत असतो, फक्त चुकीच्या घरात. पुढच्या वेळी टीममधल्या कुणाचा 'टू' घसरला तर हसू नका आणि गप्पही बसू नका. चहाला खाली गेलात की त्याला बाजूला घेऊन मराठीतच सांगा, की बाबा रे, हे आपलं 'लावणे' आणि हे त्यांचं 'मेक'. दोन मिनिटांचं काम आहे. नाहीतर चांगली चांगली माणसं कॉलवर म्यूट होऊन बसतील आणि त्यांना तसं बसायला लावणारे आपणच असू.